काट्यावर कळणारं ऊन

कृषी सहायकाच्या नोकरीत गव्हाचा हंगाम संपतो तो पीक कापणी प्रयोगाने. गावातले गट यादृच्छिक आकड्यांच्या तक्त्यावरून निवडायचे, निवडलेल्या शेतात १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद तुकडा दोरी-खुंट्यांनी आखायचा, त्यातला गहू कापून, बडवून, उफणून काट्यावर ठेवायचा. हा तुकडा ५० चौरस मीटरचा, म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग. काट्यावर एक किलो आलं की हेक्टरी दोन क्विंटल धरायचे. तालुक्याचं उत्पादन, जिल्ह्याची सरासरी, पीक विम्याची भरपाई हे सगळं असल्या तुकड्यांवर उभं असतं. शहादा आणि नंदुरबार तालुक्यांत मी हे काम वर्षानुवर्षं केलं. उन्हाने गव्हाचं काय होतं हे मी आधी पुस्तकात वाचलं होतं. पण ते पटलं या काट्यासमोर बसून.

गारपीट झाली की शेत आडवं पडलेलं असतं. तांबेरा आला तर पानावरून बोट फिरवलं की बोटाला तांबडी भुकटी लागते. रानडुकरांनी धुमाकूळ घातला तर सकाळी सगळं गाव बघायला जातं. उन्हाचं तसं काहीच नाही. उन्हाने मारलेलं गव्हाचं शेत रस्त्यावरून जाणाऱ्याला देखणंच दिसतं. ओंब्या ताठ, कुसळं सोनेरी, शेजारच्या शेतापेक्षा आठ-दहा दिवस आधी तयार. शेतकऱ्यालाही बरं वाटतं की लवकर मोकळे झालो. ओंबी तळहातावर चोळून फुंकर मारली की मग कळतं. दाणा आहे, पण त्याचं पोट खपाटीला गेलेलं, मधली चीर खोल, साल सुरकुतलेली.

गहू हे थंडीचं पीक, आणि आपला नंदुरबार जिल्हा त्याच्या राज्याच्या वेशीवरचा. दाणा भरत असताना सरासरी १५ ते २० अंशांच्या आसपास तापमान असावं, असं हे पीक मागतं. पंजाबात ती थंडी मार्चपर्यंत पुरते आणि बैसाखीला, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर, कापणी होते. आपल्याकडे गहू होळीच्या आगेमागे काढायला येतो. तापीच्या दोन्ही काठांना काळी कसदार जमीन आहे, विहिरी आहेत, प्रकाशा आणि सारंगखेडा इथे बॅरेज झाले आहेत. जमिनीत कसर नाही. थंडी तेवढी तोकडी आहे. सातपुड्यात वर डाबला किंवा तोरणमाळला डिसेंबर-जानेवारीत पहाटे दवाचा बर्फ होतो, डाबच्या परिसरात स्ट्रॉबेरी घेतात. तिथून घाट उतरून तळोद्याच्या किंवा शहाद्याच्या सपाटीवर आलं की फेब्रुवारीतच दुपारी अंगाला चटका बसतो. महाराष्ट्राचं गव्हाचं हेक्टरी उत्पादन देशाच्या सरासरीच्या निम्म्याच्या आसपास राहतं. त्याचं एक मोठं कारण हे तोकडं गारठ्याचं आयुष्य आहे, आणि यात शेतकऱ्याच्या आळसाचा भाग किती, असं विचारणाऱ्या माणसांना मी नेहमी थर्मामीटर दाखवत आलो.

२०२२ चा मार्च मला विसरता येत नाही. भारतीय हवामान खात्याच्या नोंदींत, १९०१ पासून देशाचं सरासरी कमाल तापमान इतकं चढलेला मार्च त्याआधी झालेला नव्हता. आमच्याकडे त्या वर्षी कापूस काढून डिसेंबरात पेरलेले गहू पुष्कळ होते. ओंब्या निसवल्या तेव्हा पीक भरघोस होतं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ऊन एकदम भडकलं. गहू आठवड्याभरात हिरव्याचा पांढरट-पिवळा झाला. पिकला नव्हता तो, सुकला होता. मी प्रयोगाला गेलो तेव्हा दोरी आखताना ओंब्यांची दाटी बघून मनाशी एक आकडा धरला होता. इतक्या वर्षांच्या सवयीने तो आकडा सहसा फार चुकत नसे. काट्यावर त्याहून पाव हिश्श्याने कमी आलं. पुन्हा वजन केलं, तेच. शेतमालक बाजूला उभे होते, वयाने माझ्याहून मोठे. ते म्हणाले, “काटा बराबर शे ना, साहेब?” काटा बरोबर होता. मी त्यांच्यासमोर एक किलोचं माप ठेवून दाखवलं. मग त्यांनी मूठभर गहू उचलला, उन्हात धरला, आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत.

त्या काळात मी एक सवय लावून घेतली होती. सोनाराकडे असतो तसा छोटा काटा घेतला होता आणि प्रत्येक प्रयोगातले हजार दाणे मोजून त्यांचं वजन वहीत लिहीत होतो. सरकारी अर्जावर हा रकाना नाही, ते माझं खासगी काम. चांगल्या साधलेल्या लोकवन वाणाचे हजार दाणे ४० ग्रॅमच्या पुढे भरतात. त्या मार्चमध्ये उशिराच्या शेतांतले हजार दाणे ३५ च्या आत आले. ओंब्या तेवढ्याच, ओंबीतले दाणेही जवळपास तेवढेच, प्रत्येक दाणा मात्र हलका. म्हणून पोती मोजणाऱ्यालाही लगेच कळत नाही. हलका, सुरकुतलेला दाणा पोत्यात जागा अडवतोच. व्यापाऱ्याच्या काट्यावर पोतं चढलं की घट बाहेर पडते.

माझ्या वहीआधी हे बायकांना कळलं होतं, हेही सांगायला हवं. आमच्याकडे होळीच्या सुमारास कुरडयांचे गहू भिजत घालतात. तीन दिवस पाणी बदलायचं, मग वाटून, गाळून चीक काढायचा. शहादा तालुक्यातल्या एका घरी चहाला बसलो असताना तिथल्या आजी म्हणाल्या की यंदा तेवढ्याच गव्हात चीक कमी निघाला आणि चोथा जास्त. नवा गहू चांगला नाही, दुकानातून जुना आणायला लागेल. कुरडईचा चीक म्हणजे दाण्यातलं पिष्ट, आणि उन्हात नेमकं तेच कमी पडतं. प्रयोगशाळेत जे मोजतात ते आजींनी पातेल्यात मोजलं होतं.

हे का होतं ते मी शेतकऱ्यांना गावसभेत सांगायचो, तेच इथे सांगतो. गव्हाला दिवस मोजता येत नाहीत, तो उष्णता मोजतो. ठरावीक उष्णता अंगावर साठली की तो पुढच्या टप्प्यात जातो. हवा गरम असली की ती उष्णता लवकर साठते आणि पीक प्रत्येक टप्पा घाईने उरकतं. नोव्हेंबर गरम गेला तर फुटवे फुटायला वेळच मिळत नाही, रोप लगेच कांडी धरतं. पोटरीत आणि फुलोऱ्यात पारा ३० अंशांच्या बराच वर गेला तर परागकण वांझ होतात आणि ओंबीतले काही दाणे धरतच नाहीत. आणि दाणे भरताना तापलं तर भरण्याचे दिवसच घटतात. ११०-११५ दिवसांत तयार होणारा गहू शंभराच्या आत हात वर करतो.

दाणा भरणं म्हणजे पानात तयार झालेली साखर ओंबीत जाऊन तिचं पिष्ट होणं. हे पिष्ट बनवणारं विकर उष्णतेला फार नाजूक आहे. २५ अंशांच्या पुढे त्याचा वेग पडायला लागतो. साखर दारात उभी असली तरी दाण्यात साठत नाही. त्यातच वरचं ध्वजपान उन्हाने लवकर पिवळं पडतं, साखरेचा पुरवठाच आटतो. मग रोप खोडात राखून ठेवलेली शिदोरी ओंबीकडे पाठवतं. ज्या वाणाच्या खोडात ही शिदोरी जास्त, तो थोडा तग धरतो. रात्रीही गरम राहिल्या तर दिवसभर कमावलेलं रात्रीच्या श्वसनात जळतं. फेब्रुवारीतल्या उकाड्याच्या रात्रींकडे आपण पंखा लावून दुर्लक्ष करतो, गव्हाला ती सोय नाही. जगभरच्या अभ्यासांतून निघालेला ढोबळ हिशेब असा आहे की तापमान एका अंशाने वाढलं तर गव्हाचं जागतिक उत्पादन सुमारे ६ टक्क्यांनी घटतं. आपल्यासारख्या वेशीवरच्या मुलखात उन्हाचा हा मार जास्तच बसतो.

अशा वेळी वाण कुठला हा प्रश्न सगळे आधी विचारतात. माझ्या मते तो दुसऱ्या क्रमांकाचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न पेरणीच्या तारखेचा. महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस आम्ही पाठ केलेली असायची: बागायती गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरावा, त्यानंतर उशीर होईल तसं प्रत्येक पंधरवड्याला हेक्टरी अडीच क्विंटल उत्पादन घटतं, १५ डिसेंबरनंतर पेरलेला गहू परवडत नाही. भिंतीवर लिहिलेली ही ओळ प्रत्येक गावात आहे. शेतकऱ्याला ती माहीत नाही असं समजून आपण पुन्हा पुन्हा सांगतो, आणि तो मान डोलावून डिसेंबरात पेरतो. त्यामागचं कारण शेतात जाऊन पाहिलं की आपलं बोलणं बंद होतं.

ज्या रानात गहू पेरायचा त्या रानात नोव्हेंबरमध्ये कापूस उभा असतो. पहिली वेचणी दिवाळीच्या आसपास. दिवाळी झाली की धडगाव, अक्कलकुवा, नवापूर भागातली आदिवासी कुटुंबं ऊसतोडीला आणि गुजरातमध्ये कामाला निघतात. वेचणीला माणूस मिळत नाही. बोंडं झाडावर फुटून राहतात. शेतकरी म्हणतो, पैसा लटकलेला आहे, उपटू कसा? तो वेचून होतो तोवर डिसेंबर उजाडतो. मग पऱ्हाट्या उपटणं, नांगरट, वखरणी. ओलित करायचं तर वीज कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीच्या पाळीत थंडीत बारे धरायला जायचं तर बिबट्याची भीती. पेरणीची तारीख अशी चार-पाच जणांच्या हातात असते आणि त्यातला एकही हात शेतकऱ्याचा नसतो. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने कपाशी पोखरली, त्यानंतर फरदड घेऊ नका, म्हणजे वेचणी झालेली कपाशी पाणी देऊन पुढे उभी ठेवू नका, हे आम्ही घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. ज्यांनी ऐकलं आणि कापूस वेळेत मोकळा केला, त्यांचा गहू महिनाभर आधी पेरला गेला. बोंडअळीपासून सुटका हा एक फायदा, मार्चच्या उन्हापासून सुटका हा दुसरा. दुसऱ्याचा प्रचार आम्ही फारसा केला नाही. करायला हवा होता, अजूनही करता येईल.

वाणांबद्दल थोडं. निफाडजवळच्या कुंदेवाडीला १९३२ पासून गव्हाचं संशोधन केंद्र आहे. उशिराच्या पेरणीसाठी तिथूनच आलेला एनआयएडब्ल्यू ३४, आणि वेळेवर-उशिरा दोन्हीसाठी शिफारस असलेला फुले समाधान, हे आमच्याकडे बऱ्यापैकी रुजले. पण खान्देशच्या मनात घर केलंय ते लोकवनने. सौराष्ट्रातल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तो तयार झाला, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला शेतात आला आणि आजही बाजारात त्याच्याच नावाने गहू विकला जातो. टपोरा दाणा, मऊ पोळी, आणि मुख्य म्हणजे लवकर येतो. तांबेऱ्याला तो बळी पडतो म्हणून आम्ही नव्या वाणांचा आग्रह धरायचो, आणि ते योग्यच होतं. तरीही शेतकऱ्यांनी त्याला का सोडलं नाही हे आता मला नीट कळतं. ऊन तापण्याआधी तो घरात येतो. लवकर येणं हाच त्याचा उन्हावरचा उपाय आहे.

उभ्या पिकाला ऊन लागत असेल तर हातात उरतं पाणी. पाणी दिलेल्या गव्हाच्या पानांतून बाष्प निघतं आणि पिकाच्या आतली हवा बाहेरच्यापेक्षा काही अंश थंड राहते. दुपारी शेतात शिरून बघा, पायापासून कमरेपर्यंत गारवा जाणवतो. ८० ते ८५ दिवसांनी, दाण्यात चीक भरताना, जे पाणी द्यायचं ते या कारणाने सोन्याचं. नेमकं तेच चुकतं. पीक पिवळं पडायला लागलं म्हणून शेतकरी पाणी तोडतो, विहिरीने तळ गाठलेला असतो, किंवा वारा सुटलाय, गहू लोळेल, ही धास्ती असते. ती खोटी नाही. संध्याकाळी वारा पडल्यावर हलकं पाणी द्यावं, तुषार संच असेल तर उत्तम. बॅरेजमध्ये पाणी अडलं तरी काठापासून लांबच्या शिवारात ते पोचवायचं काम वर्षानुवर्षं रेंगाळलं. तापी डोळ्यांसमोर भरलेली असताना चिकात आलेला गहू तहानलेला मी पाहिला आहे. ५५ आणि ७० दिवसांनी १९:१९:१९ या विद्राव्य खताची २ टक्के फवारणी करतात, तिचाही थोडा आधार होतो. पण पंधरा दिवस उशिरा पेरलेलं कुठल्याही फवारणीने भरून निघत नाही. दुकानदार काहीही सांगोत.

आता सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट. २०२२ च्या त्या उन्हाने देशाचा गव्हाचा अंदाज फेब्रुवारीत ११.१३ कोटी टन होता तो मे महिन्यात १०.६४ कोटी टनांवर आला. १३ मे रोजी केंद्राने गव्हाची निर्यात बंद केली. दिल्लीपर्यंत पोचलेलं ते नुकसान माझ्या गावांतल्या एकाही कागदावर नव्हतं. एकही पंचनामा झाला नाही. होणार तरी कसा? मी नोकरीत होतो तोवर केंद्राच्या आपत्तींच्या यादीत बारा आपत्ती होत्या: दुष्काळ, पूर, गारपीट, कीड, अगदी थंडीची लाट आणि कडाकाही. उष्णतेची लाट नव्हती. शिवाय भरपाईला ३३ टक्क्यांच्या वर नुकसान लागतं. त्या वर्षी युक्रेनच्या युद्धाने गव्हाचे भाव चढे होते, त्यामुळे हाती आलेल्या पैशांत घट झाकली गेली आणि कुणी ओरडलंही नाही.

पुढच्याच वर्षी, मार्च २०२३ मध्ये, आमच्या जिल्ह्यात अवकाळी पाऊस आणि गारा झाल्या. शेतं आडवी झाली. पुढारी आले, कॅमेरे आले, आदेश निघाले, आम्ही पंचनाम्यांना लागलो. ते व्हायलाच हवं होतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण लोळलेला गहू मोजताना मला आदल्या वर्षीचा ताठ उभा राहिलेला, आतून पोकळ गहू आठवत होता. ज्याचं नुकसान फोटोत येत नाही त्याचं नुकसान धरलंच जात नाही.

उन्हाच्या नुकसानीला मग एकच दार उरतं, पीक विम्याचं, आणि त्याची किल्ली पीक कापणी प्रयोगात आहे. महसूल मंडळात किमान दहा प्रयोग होतात, त्यांच्या आधाराने निघालेल्या उत्पादनाची तुलना उंबरठा उत्पादनाशी होते. गेल्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षं घेऊन त्यांची सरासरी, आणि तिचे ७० टक्के, हा उंबरठा. हिशेबापुरतं उदाहरण घेऊ. सरासरी हेक्टरी २० क्विंटल असेल तर उंबरठा १४. उन्हाने उत्पादन १६ वर आलं, म्हणजे पाचवा हिस्सा गेला, तरी शेतकऱ्याला एक पैसा मिळत नाही. आणि दर दोन-तीन वर्षांनी असं तापत राहिलं तर चांगली पाच वर्षंही हळूहळू हलकी होतात, उंबरठा खाली सरकतो. उन्हाने हळूहळू खाल्लेलं हे पीक विम्याच्या जाळ्यातून गळून जातं. गव्हासाठी हा ७० टक्क्यांचा जोखीमस्तर वाढवायला हवा आणि चीक भरण्याच्या दिवसांतलं तापमान भरपाईच्या निकषांत यायला हवं. हे माझं ठाम मत आहे, नोकरीत असतानाही होतं.

हे होईल तेव्हा होईल. तोवर काटा तरी खरा राहिला पाहिजे. प्रयोगाच्या दिवशी सरपंच, पोलीस पाटील आणि गावातले शेतकरी हजर असावेत, असा नियम आहे. प्रत्यक्षात मी कित्येकदा शेतमालक आणि दोन मजूर यांच्यासोबत कापणी उरकली आहे, कारण गाव आपल्या कामात असतं आणि हा सरकारी सोपस्कार आहे असं सगळ्यांना वाटतं. असल्या ५० चौरस मीटरच्या तुकड्यांवर अख्ख्या मंडळाचा हिशेब ठरतो, हे कुणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून माझ्या जिल्ह्यातल्या शेतकरी भावा-बहिणींना एवढीच विनंती आहे. या होळीच्या सुमारास तुमच्या गावात गव्हाचा कापणी प्रयोग कोणत्या गटात आणि कोणत्या दिवशी आहे, हे कृषी सहायकाला आधीच विचारून ठेवा. त्या सकाळी तिथे जा. दोरी नीट आखली का, गहू पूर्ण झोडला का, काटा शून्यावर आहे का, हे स्वतः बघा आणि आकडा तुमच्या वहीत लिहून घ्या. घरी आल्यावर हजार दाणे मोजून त्यांचंही वजन करा, आणि त्याच्याशेजारी पेरणीची तारीख लिहा.